शाम्पूच्या बाटलीतले पाणी आणि न्हाणीतले पाणी

शाम्पूच्या कोणत्याही बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते आणि तिच्यात पहिले नाव जवळजवळ नेहमी पाण्याचे असते. प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक लिहिण्याची पद्धत असल्यामुळे त्याचा अर्थ सरळ आहे: पातळ शाम्पूचा साधारण ७० ते ८० टक्के भाग पाणीच असतो. म्हणूनच पाणी वगळून केलेल्या शाम्पूच्या वड्या, पाण्यात कालवायची पूड आणि कोरडे शाम्पू ‘पाणी वाचवणारे’ म्हणून विकले जातात, आणि गोव्यातल्या दुकानांतही ते आता दिसू लागले आहेत.

हा दावा खरा किती, हे साध्या अंकगणिताने कळते. २०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते. एका न्हाणाला १० मिलिलिटर शाम्पू धरला तर ती बाटली २० वेळा पुरते, आणि दर वेळी एक मोठी बादली म्हणजे २० लिटर पाणी लागले तरी एकूण हिशेब ४०० लिटरांवर जातो. शॉवरखाली तर मिनिटाला १० लिटर पाणी सहज वाहून जाते. ४०० लिटरांसमोर बाटलीतले पेलाभरही नसलेले पाणी नगण्य आहे. वडीचे खरे फायदे निराळे आहेत: कमी वजन, कागदात बांधता येण्याजोगा घनपणा आणि परिरक्षकांची कमी गरज, कारण पाण्यावाचून जिवाणू वाढत नाहीत.

बादलीतले पाणी कशावर खर्च होते, याचे उत्तर फेसात आहे. शाम्पूमधल्या पृष्ठसक्रिय पदार्थाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. असे अनेक रेणू केसांवरच्या तेलकट मळाभोवती गोळा होऊन त्याचे सूक्ष्म गोळे करतात, त्यांना मिसेल म्हणतात, आणि ते गोळे पाण्याबरोबर निघून जातात. फेस हा या क्रियेचा सोबती आहे, साधन नव्हे. तरीही फेस दिसेनासा होईपर्यंत आपण तांब्यावर तांब्या ओतत राहतो. त्यामुळे लवकर विरणारा फेस देणारा शाम्पू, किंवा धुवून न काढता केसांवर तसाच ठेवायचा कंडिशनर, ही उत्पादने ‘निर्जल’ वडीपेक्षा जास्त पाणी वाचवू शकतात. साध्या कंडिशनरमधले धनभारित रेणू ऋणभारित केसांना चिकटतात, आणि त्यांचा जास्तीचा थर काढण्यासाठी न्हाणीत दुसऱ्यांदा पाणी ओतावे लागते.

थंड देशांतल्या अभ्यासांत शाम्पूच्या पर्यावरणीय भाराचा मोठा वाटा पाणी तापवण्याच्या ऊर्जेला दिला जातो. १५ लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते. गोव्यात नळाचे पाणी मुळातच २६ अंशांच्या आसपास असते, तेव्हा तेच काम पाव युनिटात होते, आणि वर्षातले कित्येक महिने अनेकजण थंड पाण्यानेच न्हातात. जुन्या घरांच्या न्हाणीत चुलीवर कायमचे बसवलेले तांब्याचे भाण अजून दिसते, आणि त्यात तर नारळाची सोडणे आणि वाळलेली चुडते जळतात. ऊर्जेचा भार असा हलका झाला की आपल्याकडच्या हिशेबात वेष्टनाचा वाटा आपोआप मोठा होतो. परदेशी अहवालातले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावू नयेत, ते यामुळे.

पाण्याची टंचाई मात्र इथेही आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या राज्यात साळावली धरण आणि ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्र असूनही मे महिन्यात काही गावांना टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी तेव्हा मचूळ होते. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असले की साध्या साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिवाय साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ९ ते १० असतो; त्याने केसावरचे खवले उचलले जातात आणि केस राठ होतात. चांगल्या शाम्पूच्या वडीत साबण नसतो. तिच्यात बहुधा सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट हा पृष्ठसक्रिय पदार्थ असतो, सामू ५ ते ६ च्या आसपास राखलेला असतो आणि मचूळ पाण्यातही तिचा साका होत नाही. नावातले ‘कोकॉइल’ म्हणजे आपला नारळच: खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपासून हा पदार्थ करतात. वडी विकत घेताना घटकांत हे नाव आहे की नुसता साबण, एवढे पाहावे.

या वडीचा आमच्याकडचा शत्रू म्हणजे पावसाळा. जुलैत मी आणलेली वडी साबणदाणीत ठेवली होती. आठवड्याभरात तिची खालची बाजू ओल्या पिठासारखी झाली, आणि जितकी केसांना लागली त्याहून जास्त साबणदाणीच्या तळाशी विरघळून गेली. दोष वडीचा नव्हता. हवेत ओलावा इतका होता की तिला दोन न्हाणांमध्ये वाळायला सवडच मिळाली नाही. त्यानंतर मी वडी सुरीने चार तुकडे करून तीन तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागलो आणि चौथा जाळीच्या पिशवीत खिडकीला टांगू लागलो.

कोरड्या शाम्पूबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्यातला स्टार्च डोक्यावरचे तेल शोषतो. घामातले क्षार मात्र तसेच राहतात. आपल्या हवेत डोक्यावर साचते त्यात घाम पुष्कळ असतो आणि तो नुसत्या पाण्याने जातो, म्हणून दर न्हाणाला शाम्पू लावायची गरज नसते.

आता वेष्टन. शाम्पूची बाटली बहुधा एचडीपीई किंवा पीईटी प्लॅस्टिकची असते आणि भंगारवाला ती घेतो. अडचण पंपाची आहे, कारण त्यात पॉलिप्रॉपिलीन आणि पोलादी स्प्रिंग एकत्र असतात. साधे झाकण असलेली बाटली त्याहून बरी. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून धातू काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, पण तो डबा परत गेला तरच. ‘जैवविघटनशील’ म्हणवणाऱ्या पीएलए या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकला ६० अंशांच्या आसपास तापलेले औद्योगिक खतकुंड लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे पडून राहते.

सर्वांत वाईट वेष्टन दुकानात माळेसारखी लटकणारी पुडी. तिच्यात पॉलिएस्टर, धातूचा पातळ थर आणि पॉलिथीन एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही. सहा मिलिलिटरच्या पुड्या घेतल्या तर एका बाटलीऐवजी तेहतीस वेष्टने घरात येतात. पण हातात रोजची मजुरी घेऊन येणाऱ्याला पुडीच परवडते, तेव्हा दोष गिऱ्हाइकाला देण्यात अर्थ नाही. बाटलीत ओतायच्या मोठ्या पिशवीला प्लॅस्टिक कमी लागते, मात्र तीही बहुधा अशीच थरांची असते. वेचून वेगळा काढलेला असा कचरा गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळण्यासाठी पाठवला जातो. न वेचलेला पहिल्या पावसात गटारातून नदीत जातो, आणि ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या मुळांत अडकलेल्या चंदेरी पुड्या काठावरून मोजता येतात.