चांदी वितळवली म्हणून शुद्ध होत नाही

मोडीची चांदी मुशीत घालून चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) टाकला की सगळं हीण वर येतं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. टाकणखार वरचा मळ आणि ऑक्साइडं तेवढी विरघळवतो. चांदीत मिसळलेलं तांबं तिथंच राहतं. ९२.५ टक्क्यांची चांदी ओतल्यावरही जवळपास तेवढीच. जुन्या डागात, म्हणजे सांधे जोडायला वापरलेल्या मिश्रधातूत, कॅडमियम हा विषारी धातू असेल तर त्याचा धूर घातक, तेव्हा डाग आधीच कापून काढा. नुसती खिडकी उघडून भागत नाही.

शुद्धीच्या नादात रस उगाच तापवत बसू नका. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषते, गोठताना तो बाहेर टाकते आणि ओतकामात छिद्रं पडतात. रस आरशासारखा लखलखून मुशीत लोळू लागला की ओता. साचा मात्र पूर्ण कोरडा हवा, नाहीतर रस उडतो.