पार्के (फाइल स्वरूप)

क्लाउडमधल्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (नेटवरून फाइली ठेवण्या-मागवण्याच्या साठवणीवर) ठेवलेला मोठा डेटा अख्खा न उतरवता त्यातले हवे तेवढेच वाचता यावे, यासाठी वापरले जाणारे रकानानिहाय फाइल स्वरूप. ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी ते हडूप या अनेक संगणकांवर मोठा डेटा हाताळणाऱ्या प्रणालीसाठी घडवले. पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि २०१५ पासून ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. नाव फ्रेंच. लाकडी तुकडे जोडून केलेल्या नक्षीदार जमिनीला पार्के म्हणतात.

सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी मूल्ये वेगळी केलेल्या साध्या मजकूर-फाइलीत, एका ओळीची सगळी माहिती सलग असते. पार्केत ओळींचे मोठे गट (रो ग्रुप) पाडतात आणि प्रत्येक गटात एकेका रकान्याची मूल्ये सलग ठेवतात. एकाच जातीची मूल्ये शेजारी आल्याने ती दाबूनही छान बसतात.

ही फाइल शेवटाकडून वाचायची असते. अखेरच्या आठ बाइटांपैकी चार बाइटांत फूटरची (फाइलीच्या शेवटी असलेल्या सूचीची) लांबी आणि चार बाइटांत पी, ए, आर, १ ही खूण असते. फूटरमध्ये कोणत्या गटातला कोणता रकाना कुठे सुरू होतो, हे नोंदलेले असते. बहुधा त्याची किमान-कमाल मूल्येही असतात. ऑब्जेक्ट स्टोरेज एचटीटीपीवरून फाइलचा मधलाच तुकडा देऊ शकते, म्हणून क्वेरी इंजिन (डेटातून हवी ती माहिती शोधून काढणारा प्रोग्राम) आधी फूटर मागवते आणि मग नेमके लागणारे तुकडे. समजा, बसतिकिटांच्या तक्त्यातून १५ ऑगस्टची रक्कम काढायची आहे. ज्या गटातली कमाल तारीख ३१ जुलै, त्याला हातही लावावा लागत नाही. उरलेल्यांतले फक्त तारीख आणि रक्कम हे रकाने येतात.

मात्र लिहिताना डेटा तारखेनुसार लावलेला हवा. तसा नसेल तर प्रत्येक गटात जानेवारीही सापडतो नि डिसेंबरही, आणि काहीच वगळता येत नाही. ‘पार्के केले तरी क्वेरी हळूच’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. बोल मात्र इंजिनाला लागतो.

वर्ष-महिन्यानुसार फोल्डर पाडल्यास नको त्या फाइली उघडाव्याच लागत नाहीत. पण हौसेने तासागणिक फोल्डर केले, की चिमुकल्या फाइलींचा खच पडतो. ॲमेझॉनच्या एस३ या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये यादीच्या एका विनंतीला जास्तीत जास्त १,००० नावे मिळतात, आणि पुढे प्रत्येक फाइलीच्या फूटरसाठी वेगळी फेरी. नेटफ्लिक्समध्ये सुरू झालेले आइसबर्ग हे अनेक फाइलींचा मिळून एक तक्ता सांभाळणारे स्वरूप फाइलींची यादी व किमान-कमाल मूल्ये स्वतःच्या नोंदवहीत ठेवते, त्यामुळे फोल्डर चाळत बसावे लागत नाही.