दुसरी रेघ उमटायला वेळ का लागतो?

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. दादर स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये मी खोकल्याचं औषध घेत होते. शेजारची मुलगी आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाली, "ते किट द्या ना एक." दुकानदाराने प्रेग्नन्सी टेस्टचं किट मुकाट्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. ती गेल्यावर मला म्हणाला, "गणपतीनंतर हे असंच, मॅडम. आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, मग हे."

गणपतीला पाळीचं वावडं आहे, असं गणपतीने कधी सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण तो वाद बाजूला ठेवू. या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या बंद केल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. मात्र पाळी ढकलण्यासाठी घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक नसतात, आणि ते बऱ्याच जणींच्या गावीही नसतं. म्हणून गोळ्या थांबवून आठवडा झाला तरी पाळी नाही, तर "गोळ्यांमुळेच लांबली असेल" म्हणत बसू नये. टेस्ट करावी. गोळ्यांमुळे टेस्टचा निकाल बिघडत नाही.

अठ्ठावीस दिवसांचा महिना हा शाळेच्या पुस्तकातला. प्रत्यक्षात २१ ते ३५ दिवसांत पाळी येणं नॉर्मलच धरतात. स्त्रीबीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे १२ ते १४ दिवस बहुतेकींच्या बाबतीत फारसे हलत नाहीत. मागेपुढे होतं ते बीज सुटणं. ताप, परीक्षा, भराभर उतरलेलं वजन, थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा एक विकार), कारण काहीही असो. कर्जतहून लोकलच वीस मिनिटं उशिरा सुटली, तर दादरला ती वेळेवर कशी पोचेल? आपण मात्र दादरच्या फलाटावर उभं राहून घड्याळ बघतो आणि पाळी "चुकली" म्हणतो.

दिवस गेले असतील तर गर्भ गर्भाशयात रुजतो तो बीज सुटल्यानंतर बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी. रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात आणि तिथून लघवीत उतरू लागतं. बीज जिथून सुटलं त्या जागी तयार झालेल्या पीतपिंडाला ते प्रोजेस्टेरॉन बनवणं चालू ठेवायला लावतं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळत नाही आणि पाळी येत नाही. सुरुवातीला एचसीजी दर दोन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. बाजारातल्या टेस्टच्या बऱ्याच पट्ट्यांना रेघ दाखवायला लघवीत दर मिलिलिटरला २५ मिली-युनिट एचसीजी लागतं. समजा आज लघवीत १० आहेत. परवा २० होतील, तरी पट्टी गप्पच. आणखी दोन दिवसांनी ४० झाले की रेघ. पट्टी तीच, बाई तीच, फरक चार दिवसांचा.

आता माझ्या आवडीचा भाग, ती पट्टी. लघवी कागदातून वर चढते तेव्हा वाटेत तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. (इतकं बारीक सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. सोनाराला सांगून पाहा, विश्वास बसणार नाही.) प्रत्येक कणावर एचसीजीला धरणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) चिकटवलेली असतात. पुढे 'टी' म्हणजे टेस्टच्या रेघेवर दुसरी प्रतिपिंडं पक्की बसवलेली. ती एचसीजीला दुसऱ्या बाजूने पकडतात. एचसीजी मधे, दोन्हीकडून प्रतिपिंडं, असं सँडविच जमलं की सोनं तिथेच अडकतं आणि लाल रेघ दिसते. 'सी' म्हणजे कंट्रोलची रेघ सोन्यावरच्या प्रतिपिंडांनाच पकडते. ती नाही उमटली तर पट्टी बाद.

खरी मेख पुढे आहे. एचसीजीचे दोन तुकडे, अल्फा आणि बीटा. ९२ अमिनो आम्लांचा अल्फा तुकडा एलएच, एफएसएच आणि टीएसएच या शरीरात एरवीही असणाऱ्या तिन्ही संप्रेरकांत तोच असतो. नुसत्या अल्फावर विसंबलं तर पट्टी कुणालाही पेढे वाटायला लावेल. १४५ अमिनो आम्लांचा बीटाही एलएचच्या बीटासारखाच, फक्त त्याला जादा शेपूट. असा फरक नेमका हेरणारी एकजिनसी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली शोधली. १९८४ साली त्यांना नोबेलही मिळालं. आणखी एक गंमत: गरोदरपणाचे दोन-अडीच महिने झाल्यावर एचसीजी आणि त्याचे तुकडे इतके वाढतात की क्वचित दोन्हीकडची प्रतिपिंडं वेगवेगळी अडकून पडतात, सँडविच जमत नाही आणि रेघ फिकी पडते.

घरगुती टेस्ट म्हणून लघवीत टूथपेस्ट टाकून फेस येतो का बघणाऱ्यांनी एकदा नवऱ्याच्या लघवीवरही प्रयोग करावा. फेस येतो तो पेस्टमधल्या चुन्याच्या क्षारावर आम्लधर्मी लघवी पडल्याने.

पाळी नियमित असेल तर तारीख उलटल्यावर टेस्ट करता येते, सकाळची पहिली लघवी उत्तम. निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा. तारखेचा पत्ताच नसेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस मोजायचे. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच रेघ वाचायची. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून काढलेल्या पट्टीवरची करडी रेघ नुसती सुकल्याची असते. टेस्ट निगेटिव्ह येऊनही तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टरांकडे जायचं. आणि टेस्ट पॉझिटिव्ह असून ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय किंवा चक्कर येतेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजलेला असू शकतो. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी टॅक्सी करून हॉस्पिटल गाठायचं.