नॅचेझला जायच्या आधी: नदीकाठच्या एका कापूस-गावाची मागची गोष्ट

न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये नॅचेझ असतंच, पण गाव नाही, बोट. फ्रेंच क्वार्टरच्या धक्क्यावर मागे मोठं लाल चाक असलेली आगबोट उभी असते, तिच्यावर ते नाव लिहिलेलं असतं, लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि जेवायला निघून जातात. ते नाव ज्या गावाचं आहे ते तिथून वर, गाडीने तीनेक तासांवर, मिसिसिपी राज्यात आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा हजार. आपल्याकडे तालुक्याची गावंसुद्धा याहून मोठी असतात. आणि एवढ्याशा गावात खांबांचे, गॅलऱ्यांचे, झुंबरांचे इतके वाडे की पहिला अर्धा दिवस माणूस नुसता वर बघत फिरतो, मग कधीतरी डोक्यात येतं की अरे एवढा पैसा इथे आला कुठून, आणि तिकीट लावून हे सगळं दाखवायचं कधी ठरलं. ही नोट त्या दोन प्रश्नांसाठी.

आधी जागा समजून घ्या, कारण अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात. मिसिसिपीच्या काठची बरीचशी जमीन सपाट आणि पुराची, पण नॅचेझला पूर्वेकडच्या काठावर साधारण दोनशे फुटांचा कडा आहे. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीचा, हाताने खरवडला तर निघेल असा, त्यामुळे तो ढासळतोही. गाव कड्यावर आणि धक्का खाली. वर इभ्रतदार लोक, खाली ‘अंडर-द-हिल’ म्हणजे दारूचे गुत्ते, जुगार, मारामाऱ्या, वेश्यावस्ती. दोघांना जोडणारा सिल्व्हर स्ट्रीट हा उताराचा रस्ता अजून आहे, खालच्या वस्तीचा बराच भाग मात्र नदीनेच खाल्ला, आता तिथे घरांची एक छोटीशी रांग आणि एक जुना बार उरलाय. संध्याकाळी पलीकडे लुइझियानात सूर्य बुडताना बघायला सगळे इथेच येतात. पलीकडचं विडालिया गाव सपाटीवर आहे, त्यामुळे २०११ च्या महापुरात तिकडे काठावर घाईघाईने बांध घालावे लागले आणि वरचं नॅचेझ कड्यावर कोरडं होतं.

नाव ज्यांचं ते नॅचेझ लोक आज या गावात नाहीत. मातीचे मोठाले उंचवटे रचून त्यावर देवळं आणि प्रमुखाचं घर बांधणारी ही माणसं, प्रमुखाला ‘महासूर्य’ म्हणायची, वारसा आईकडून चालायचा. १७१६ साली फ्रेंचांनी इथे रोझाली नावाचा किल्ला बांधला. पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याने मळ्यासाठी त्यांच्या एका गावाची जमीनच मागितली, तेव्हा १७२९ मध्ये त्यांनी उठाव करून दोनशेच्या वर फ्रेंच मारले. बदला असा घेतला गेला की दोनेक वर्षांत टोळी म्हणून ती संपलीच, पकडलेल्यांना कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून विकलं, बाकीचे चिकसॉ, क्रीक, चेरोकी लोकांच्यात मिसळले. गावाच्या दक्षिणेला ‘ग्रँड व्हिलेज’ म्हणून जागा आहे, गवताचे तीन उंचवटे आणि छोटं म्युझियम, बहुतेक टूरवाले इथे थांबतच नाहीत. तुम्ही थांबा.

मग फ्रेंचांकडून ब्रिटिश, १७७९ ला स्पॅनिश, १७९८ ला अमेरिका. राजवटींची ही यादी पाठ करायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की कड्यावरचे सरळ काटकोनातले रस्ते स्पॅनिशांनी आखलेत, आणि मिसिसिपी टेरिटरीची (राज्य होण्याआधीच्या प्रदेशाची) पहिली राजधानी नॅचेझ होती.

त्या काळात नदीवरून फक्त खाली येता यायचं. केंटकी, ओहायोकडचे शेतकरी लाकडी तराफ्यासारख्या बोटींत धान्य, डुकराचं मांस, दारू भरून प्रवाहाबरोबर वाहत यायचे, माल विकायचे, मग बोटही मोडून लाकूड म्हणून विकायचे, कारण उलट प्रवाहात ती न्यायची कशी. आणि घरी जायचं पायी! नॅचेझपासून नॅशव्हिलपर्यंत जुन्या आदिवासी वाटेने साडेचारशे मैल, खिशात रोकड, वाटेत लुटारू. आज त्या वाटेवर नॅचेझ ट्रेस पार्कवे हा ४४४ मैलांचा देखणा रस्ता आहे, ट्रकबंदी, होर्डिंग नाही, गाडी सावकाश चालवा. पायी जाणारे अचानक कमी झाले ते वाफेमुळे. १८११ च्या हिवाळ्यात पहिली आगबोट नदी उतरून आली आणि थोड्याच वर्षांत बोटी उलट्या दिशेलाही जायला लागल्या.

आता कापूस. माझं आजोळ यवतमाळकडचं, त्यामुळे मी हा भाग जरा लांबवणार, सांभाळून घ्या.

सरकी वेगळी करणारं जिन १७९० च्या दशकात आलं आणि दक्षिणेत कापूस पसरला, पण नॅचेझच्या पट्ट्यातल्या जुन्या वाणाला रोग लागायचा. मग मेक्सिकोकडची सरकी आणून निवड करत करत इथल्या लोकांनी नवं वाण काढलं, त्यात रॉडनी गावाजवळच्या डॉक्टर रश नट यांचं नाव घेतात. ‘पेटिट गल्फ’ म्हणून ते विकलं जायचं. बोंड मोठं फुटायचं, त्यामुळे वेचणी पटापट व्हायची, म्हणजे एका माणसाकडून दिवसाला जास्त कापूस काढून घेता यायचा. ‘काढून घेता यायचा’ हे शब्द मुद्दाम वापरलेत, कारण वेचणारे गुलाम होते आणि संध्याकाळी प्रत्येकाची टोपली वजनाला लागायची.

याच काळात ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं की आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस सुधारावा. १८४० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा प्लांटर, म्हणजे मळेवाले, सरकी आणि जिनं घेऊन हिंदुस्थानात आणले. जवळजवळ सगळीकडे प्रयोग फसला, धारवाडकडे मात्र न्यू ऑर्लिन्सचं वाण रुजलं, बाजारात त्याला ‘धारवाड अमेरिकन’ म्हणायला लागले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

गंमत म्हणजे नॅचेझमध्ये फिरताना कापसाचं शेत दिसत नाही, ‘पऱ्हाटी कुठाय’ असं मी पहिल्यांदा विचारलंच. मळे बऱ्याच जणांचे नदीपलीकडे लुइझियानाच्या सुपीक गाळात होते, मालक इकडे कड्यावर, हवेशीर. म्हणजे वाडे एका काठावर आणि घाम दुसऱ्या. स्टँटन हॉल (१८५७ चा, एक आख्खा ब्लॉक व्यापून), मेलरोज वगैरे सगळे याच हिशोबातून उभे राहिले.

मजूर कुठून आले याचं उत्तर डाउनटाउनपासून मैलभर पूर्वेला, ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या तिठ्यावर आहे. व्हर्जिनिया, मेरीलँडकडे तंबाखूची शेती थकली होती, तिकडची माणसं साखळदंडात चालवत किंवा जहाजाने इकडे आणायचे. न्यू ऑर्लिन्सनंतर दक्षिणेच्या या भागातला हा सगळ्यात मोठा गुलाम बाजार. १८३३ मध्ये बाजारातल्या माणसांना कॉलरा झाला, एका मोठ्या व्यापाऱ्याने प्रेतं गुपचूप पुरली आणि ती सापडली, तेव्हा गावाने ठराव केला की हा धंदा हद्दीबाहेर न्या. धंदा बंद करा असं नाही हं, हद्दीबाहेर न्या. इथे लिलावाचा हातोडा नसायचा, गिऱ्हाईक येऊन माणसं बघायचं आणि भाव करायचं, आपल्याकडे बैलबाजारात करतात तसा. आता तिथे काय आहे? गवत, माहितीचे फलक, आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या. शेजारून गाड्या जातात. वाड्यांमध्ये दोन तास घालवून इथे पाच मिनिटांत परत गाडीत बसणारे खूप.

या गावाची सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट मला विचाराल तर विल्यम जॉन्सनची. जन्माने गुलाम, लहानपणी मुक्त केलेला, पुढे न्हावी. स्टेट स्ट्रीटवर त्याचं विटांचं घर आहे, नॅशनल पार्कवाले दाखवतात. गोऱ्या सावकारांच्या दाढ्या करता करता त्याने दुकानं, जमीन, पैसा जमवला, आणि १८३५ पासून १८५१ पर्यंत रोज डायरी लिहिली: कोण कुणाशी भांडलं, घोड्यांच्या शर्यतीत कोण हरलं, नदीला पाणी किती आलं. आणि हो, त्याने स्वतःही गुलाम बाळगले, सोळा होते मरताना. वाचताना कुठल्या बाजूला उभं राहायचं तेच कळत नाही. १८५१ मध्ये जमिनीच्या बांधावरून शेजाऱ्याने गोळी घालून मारलं (बांधाची भांडणं जगभर सारखीच). बघणारे साक्षीदार सगळे काळे, आरोपीचं म्हणणं मी गोरा, आणि काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे, त्यामुळे खटले होऊनही तो सुटला. डायरी घरच्यांनी जपली, ती छापली गेली १९५१ मध्ये.

गुलामगिरीवरून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत १८६१ ते ६५ मध्ये झालेल्या यादवी युद्धाचं म्हणाल तर दक्षिणेतलं नॅचेझ फारसं लढलंच नाही. १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स पडल्यावर उत्तरेची जहाजं वर आली, गावाने शरणागती दिली. वरच्या बाजूला व्हिक्सबर्ग ४७ दिवस वेढ्यात झुंजलं आणि त्याची चाळण झाली. नॅचेझचे वाडे आज उभे आहेत त्याचं पहिलं कारण हे. १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य येऊन राहिलं, आणि तिठ्यावरच्या बाजाराच्या कोठड्या सैनिकांनी मोडून ते लाकूड छावणीसाठी वापरलं. त्यांत कालपरवापर्यंत गुलाम असलेले काळे सैनिक होते.

युद्धामुळे इकडे कापूस अडकला तसा तिकडे मुंबईत पाऊस पडला, पैशाचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई हवी होती, ती आपल्याकडून गेली, १८६१ ते ६५ मुंबईत शेअरचं वेड लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, वऱ्हाडातल्या शेतकऱ्यालाही चार पैसे दिसले. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि सगळं धाडकन कोसळलं. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद याच तेजीतले. म्हणजे फोर्टमधला तो टॉवर आणि नॅचेझचा लाँगवुड वाडा ही एकाच बाजाराची वर आणि खाली गेलेली दोन टोकं.

लाँगवुड बघाच. हॅलर नट, म्हणजे त्या सरकीवाल्या रश नट यांचाच मुलगा, त्याला अष्टकोनी, वर कांद्यासारखा घुमट असलेला वाडा हवा होता, फिलाडेल्फियाचा आर्किटेक्ट, तिकडचेच कारागीर. १८६० ला काम सुरू, १८६१ ला युद्ध, कारागीर हत्यारं टाकून घरी. बत्तीस खोल्यांपैकी तळमजल्याच्या नऊ पुऱ्या झाल्या. १८६४ मध्ये नट वारला, घरचे त्या नऊ खोल्यांत राहिले. वर गेलात की नुसता लाकडाचा सांगाडा, उघड्या विटा, आणि थेट घुमटापर्यंत रिकामी पोकळी. बाकी वाड्यांत श्रीमंती कशी दिसायची ते दाखवतात, इथे ती कशी थांबली ते दिसतं.

युद्धानंतरची थोडी वर्षं टूरमध्ये कमी ऐकू येतात. नॅचेझमधला पाद्री हायरम रेव्हल्स १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधला पहिला काळा सभासद झाला, आणि इथेच फोटो स्टुडिओत काम केलेला जॉन लिंच, जन्माने गुलाम, विशीतच राज्याच्या सभागृहाचा स्पीकर आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. नंतर काळ्यांसाठी ते दार बंद केलं गेलं. मग १९०७ च्या सुमारास बोंडावरचा भुंगा आला (आपली बोंडअळी वेगळी, हा सोंडेवाला किडा) आणि उरलासुरला कापूसही बसला. मालकांकडे जुनं पाडून नवं बांधायलाही पैसा नव्हता, रंग द्यायलाही. वाडे टिकल्याचं दुसरं कारण हे, शुद्ध कडकी.

आता दुसरा प्रश्न, तिकिटाचा. १९३१ मध्ये राज्यभरच्या गार्डन क्लबांच्या बायकांचं अधिवेशन नॅचेझला होतं आणि ऐन वेळी थंडीने फुलं मारली. बागा दाखवायच्या तर काय दाखवणार, म्हणून घरं उघडली, आणि पाहुण्यांना घरंच जास्त आवडली. मंदीचे दिवस, १९३२ पासून कॅथरिन मिलर आणि मंडळींनी ‘पिलग्रिमेज’ सुरू केलं: वसंत ऋतूत तिकीट काढा, घेरदार झग्यातल्या बायका घर दाखवतील, रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम, वर दक्षिणेचा झेंडा. छपराची डागडुजी त्या पैशातून झाली. पुढे पैसा कसा वाटायचा यावरून क्लब फुटला, दोन क्लब, कोर्टकचेरी. म्हणजे आपण ‘जुनं दक्षिण’ म्हणून जे बघतो त्याची स्क्रिप्ट १९३० च्या दशकातली आहे, आणि त्या स्क्रिप्टमध्ये स्वयंपाकघरातली माणसं ‘नोकर’ होती. गेल्या काही वर्षांत ते बदलतंय, कार्यक्रम नव्याने लिहिला गेला, काही घरांत मागच्या खोल्यांपासून टूर सुरू होते. पण गाइडवर अवलंबून आहे, अजूनही.

पिलग्रिमेजच्या त्या सुरुवातीच्या काळातली दुसरी तारीख, २३ एप्रिल १९४०. ऱ्हिदम क्लब नावाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये काळ्या लोकांचा डान्स, शिकागोहून वॉल्टर बार्न्सचा बँड आला होता. फुकट बघू नये म्हणून खिडक्या फळ्यांनी बंद, दार एकच, आणि छताला सजावट म्हणून झाडांवर लोंबणारं ते राखाडी शेवाळ टांगलेलं, वर डास होऊ नयेत म्हणून कीटकनाशक मारलेलं. आग लागली आणि २०९ माणसं गेली, बार्न्सही. रस्त्यातल्या झाडांवरच्या त्या शेवाळाचे फोटो आपण किती काढतो. आणि १९६७ मध्ये टायर कारखान्यातल्या व्हार्लेस्ट जॅक्सनला गोऱ्यांसाठी राखलेली जागा बढतीत मिळाली म्हणून त्याच्या ट्रकमध्ये बॉम्ब ठेवून मारलं, शिक्षा कुणालाच झाली नाही.

कारखाने नंतर गेलेच, २००३ मध्ये कागदाची मोठी मिल बंद पडली, त्यामुळे आता गाव पाहुण्यांवर चालतं. २०२१ मध्ये गुलाम बाजाराचा तो तिठा नॅशनल पार्कच्या ताब्यात आला. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर घरं जास्त उघडी असतात आणि हॉटेलं महाग.

एक दिवस जास्तीचा असेल तर वर रॉडनीला जा, सरकीवाल्या नटचं गाव. एके काळी चांगलं गजबजलेलं बंदर होतं, मग युद्धानंतर मिसिसिपीने पात्र बदललं आणि ती दोनेक मैल लांब निघून गेली. बोटी येईनात, माणसं उठली. आता विटांचं एक चर्च आहे, समोरच्या भिंतीत तोफेचा गोळा अडकलेला दिसतो (खऱ्याच्या जागी नंतर लावलेला), मागे टेकडीवर थडगी, आणि नदीचा पत्ताच नाही. पाऊस झाला असेल तर जाऊ नका, शेवटचा रस्ता कच्चा आहे.