गणपतराव देशमुख

देशमुख, गणपतराव : (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१). सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. १९६२ ते २०१४ या काळात त्यांनी तेरा निवडणुका लढवल्या आणि त्यांतल्या दोन हरले. या सबंध काळात त्यांनी पक्षही बदलला नाही आणि मतदारसंघही. विधानसभेत इतक्या वेळा निवडून गेलेला दुसरा सदस्य महाराष्ट्रात झालेला नाही. सांगोल्यात ते ‘आबासाहेब’ म्हणूनच ओळखले जात.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि शेकापचे काम धरले. काँग्रेसमधून फुटून निघालेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी १९४७-४८ मध्ये हा पक्ष उभा केला होता, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे पक्षाच्या वैचारिक मसुद्याने, त्याला मार्क्सवादाची चौकट दिली होती. खुद्द मोरे आणि जेधे काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात, म्हणजे विरोधकांना सामावून घेण्याच्या धोरणात, शेकापची अनेक वजनदार मंडळी काँग्रेसमध्ये गेली. देशमुख पहिल्यांदा आमदार झाले ते १९६२ साली, म्हणजे ही गळती सुरू झाल्यावर. त्यांच्या निवडणुकांचा इतिहास वाचताना हे विसरून चालत नाही.

निवडणुका

१९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७२ साली इंदिरा लाटेत ते पडले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्या वर्षी राज्यात शेकापचे सातच आमदार उरले होते, त्यामुळे हा पराभव एकट्या सांगोल्याचा म्हणता येत नाही. जागा रिकामी झाल्याने १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि देशमुख परत सभागृहात आले. मधल्या दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. खडी फोडायला, पाझर तलावावर माती टाकायला गावेच्या गावे उतरली होती. मजुरी वेळेवर मिळते की नाही, कामावर पाणी-सावलीची सोय आहे की नाही, या प्रश्नांवर त्या काळात रान उठवणारा पक्ष शेकाप होता. पोटनिवडणुकीच्या निकालामागे हेही कारण असावे असे मानायला जागा आहे.

१९७८, १९८०, १९८५ आणि १९९० या चारही निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या.

१९९५ चा पराभव वेगळा होता. राज्यात शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, पण सांगोल्यात देशमुखांना हरवले ते काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी, आणि तेही अवघ्या १९२ मतांनी. दोन-तीन वाड्यावस्त्यांनी एका दिवसात मन बदलले तरी एवढी मते फिरतात. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, देशमुखांनी जागा परत घेतली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि एवढ्यावर थांबणे कोणालाही गैर वाटले नसते. तसे न करता ते २००४, २००९ आणि २०१४ मध्येही उभे राहिले आणि तिन्ही वेळा निवडून आले. शहाजीबापूंशी त्यांची लढत हे सांगोल्याच्या राजकारणाचे कायमचे सूत्रच होऊन बसले. एक बाजू पक्ष बदलत राहिली, दुसरी एकाच पक्षात राहिली.

२०१४ ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत आश्चर्याची म्हणायला हवी. वय ८८ वर्षे. राज्यात युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या, मोदी लाट भरात. अशा वेळी त्यांनी ९४ हजारांहून अधिक मते घेतली आणि शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी मागे टाकले.

या विजयानंतर ‘करुणानिधींचा दहा विजयांचा विक्रम मोडला’ अशा बातम्या देशभर आल्या आणि आजही त्या उतरवल्या जातात. त्या बरोबर नाहीत. तमिळनाडूत १९५७ पासून विधानसभेची एकही निवडणूक न हरलेल्या करुणानिधींच्या नावावर २०११ पर्यंत बारा विजय जमा होते. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून सतत निवडून येत होते. देशमुखांचा महाराष्ट्रातला विक्रम निर्विवाद आहे, त्याला देशाचा मुलामा देण्याची गरज नाही. शिवाय करुणानिधींनी अनेक मतदारसंघ बदलले, मणींच्या केरळ काँग्रेसची शकले होत राहिली. एक मतदारसंघ, एक पक्ष आणि मधल्या दोन पराभवांनंतर पुन्हा तिथूनच विजय, असा मेळ या दोघांच्याही कारकिर्दीत नाही.

पक्ष आटला, मतदारसंघ टिकला

शेकापच्या आमदारांची संख्या पाहिली की देशमुखांचे वेगळेपण लक्षात येते. १९६२ मध्ये पक्षाचे १५ आमदार होते, १९६७ मध्ये १९. १९७२ च्या सातवरून १९७८ आणि १९८५ मध्ये आकडा १३ पर्यंत सावरला, पण १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये केवळ २ असा तो उतरत गेला. २०१४ मध्ये तीन जण निवडून आले. रायगडचा अलिबाग-पेण पट्टा हा पक्षाचा दुसरा बालेकिल्ला. तिथे पक्षाच्या मागे एक मोठे घराणे आणि त्याच्या संस्थांचे जाळे होते. सांगोल्यात सूतगिरणी आणि शिक्षणसंस्था होत्या, पण साखर पट्ट्यातल्या सम्राटांसारखे आर्थिक साम्राज्य नव्हते.

देशमुख धनगर समाजाचे आणि सांगोला तालुक्यात हा समाज मोठ्या संख्येने आहे, हे त्यांच्या यशाचे एक कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण तेवढ्याने भागत नाही. १९७२ आणि १९९५ मध्येही तालुक्याची सामाजिक रचना तीच होती. शिवाय मतदारसंघात मराठा आणि इतर समाजांची मतेही निर्णायक आहेत, आणि पन्नास वर्षे केवळ एका समाजाच्या बळावर जागा राखणे या भागात कोणाला जमलेले नाही.

दुसरे कारण त्यांची राहणी. आमदारांना एस.टी.चा प्रवास मोफत असतो आणि बसमध्ये आमदारांसाठी राखीव असे लिहिलेले एक आसनही असते. बहुतेक बसमध्ये त्या आसनावर दुसरेच कोणीतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले आढळते. देशमुख त्या सवलतीचा खरोखर वापर करणाऱ्या मोजक्या आमदारांपैकी होते. मुंबईच्या अधिवेशनालाही ते एस.टी.ने जात, हे त्यांच्याबद्दल सर्वाधिक सांगितले जाणारे वैशिष्ट्य. साधेपणाच्या या कथांचा अलीकडे इतका मारा झाला आहे की त्यांचे खरे काम त्याआड झाकले जाते.

पाणी, रोजगार हमी आणि डाळिंब

सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातला अवर्षणप्रवण तालुका. खिल्लार जनावरांच्या आठवडी बाजारासाठी तो प्रसिद्ध आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, आणि माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी. इथल्या राजकारणात रस्ता किंवा समाजमंदिर दुय्यम, पाणी आणि चारा पहिला.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, पैसा शहरांतल्या व्यवसाय करातून. विधानसभेत या योजनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत देशमुख आघाडीवर होते. १९९० च्या सुमारास सरकारने फळबाग लागवड या योजनेला जोडली. खड्डे काढणे, रोपे लावणे, पाणी घालणे या कामांची मजुरी शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात मिळू लागली. रोपे किती जगली ते पाहून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने अनुदान सुटे. सांगोल्यात या योजनेचा जितका वापर झाला तितका फार थोड्या तालुक्यांत झाला. हलक्या, मुरमाड रानात डाळिंब आणि बोर उभे राहिले. ठिबकवर थोडक्या पाण्यात येणारे डाळिंब पुढे तालुक्याचे मुख्य नगदी पीक झाले. ऊसतोडीला आणि मुंबईला जाणारी माणसे बागांच्या छाटणीसाठी घरी थांबू लागली. तेल्या आणि मर रोगाने या बागांचे अलीकडे मोठे नुकसान केले, तरी सांगोल्याची आर्थिक घडी बदलली ती डाळिंबाने. याचे सगळे श्रेय एका आमदाराला देता येणार नाही. योजना सरकारची आणि कष्ट शेतकऱ्यांचे. पण कागदावरची योजना तलाठ्याच्या आणि कृषी सहायकाच्या टेबलावरून बांधापर्यंत नेण्यासाठी मागे लागणारा माणूस लागतो, आणि तो इथे होता.

पाण्याच्या बाबतीत त्यांची लढाई अधिक लांबली. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर त्यांनी सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांची चळवळ चालवली. कृष्णा खोऱ्याचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्यावे आणि ते समन्यायी पद्धतीने वाटावे, ही मागणी. आटपाडीची पाणी परिषद हे या चळवळीचे दरवर्षीचे व्यासपीठ बनले. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना याच दबावातून आकाराला आल्या आणि निधीअभावी वर्षानुवर्षे रखडल्याही. सांगोल्याचा काही भाग नीरा उजव्या कालव्यावर आहे, पण तो शेपटाकडचा. वरच्या तालुक्यांतला ऊस भिजल्यावर उरलेले पाणी इथे येणार, अशी स्थिती. प्रत्येक अधिवेशनात कालव्याच्या आवर्तनाचा प्रश्न त्यांच्या तोंडी असे, तो यासाठी.

कापूस आणि सूत या क्षेत्रात सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी ही त्यांनी उभारलेली मुख्य संस्था. राज्यातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या भागभांडवल खाऊन बंद पडल्या. ही चालत राहिली.

विरोधी बाकांवर आणि मंत्रिमंडळात

यशवंतराव चव्हाण ते देवेंद्र फडणवीस असे मुख्यमंत्री त्यांनी सभागृहातून पाहिले, बहुतेक वेळा समोरच्या बाजूने. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. शेकापकडे हे पद त्याआधी कृष्णराव धुळप आणि दि. बा. पाटील यांच्या रूपाने पंधरा वर्षे होते. राज्यात विरोधी पक्ष म्हणजे शेकाप, असे समीकरण असण्याचा तो काळ, आणि तो देशमुखांबरोबर संपला.

जुलै १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. दुसऱ्यांदा मंत्रिपद मिळाले ते १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. २००२ मध्ये शेकापने या सरकारचा पाठिंबा काढला. त्यामागे रायगडमधला राष्ट्रवादीशी चाललेला वाद होता, सांगोल्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पक्षाचा निर्णय म्हणून देशमुख सत्तेबाहेर आले. दोन्ही मंत्रिपदे मिळून जेमतेम चार-साडेचार वर्षांची. सुमारे पन्नास वर्षांच्या आमदारकीत हा भाग लहानच, आणि त्यांची छाप मंत्री म्हणून पडण्यापेक्षा अर्थसंकल्पाच्या तरतुदी खात्यानिहाय वाचून येणारा सदस्य म्हणून पडली.

माघार आणि त्यानंतर

२०१९ मध्ये ९३ व्या वर्षी त्यांनी उभे न राहण्याचा निर्णय घेतला. कार्यकर्त्यांनी पुष्कळ गळ घातली, ते बधले नाहीत. घराणेशाहीला नावे ठेवणाऱ्या पक्षात उमेदवारी मात्र नातवाकडेच गेली, ही विसंगती नोंदवायला हवी. डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून लढले आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी हरले. चोवीस वर्षांनी शहाजीबापू पुन्हा विधानसभेत पोहोचले, आणि २०२२ च्या बंडात गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनमुळे सांगोल्याचे नाव शेकापशी संबंध नसलेल्या कारणाने घरोघरी गेले.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात देशमुखांचे निधन झाले. १३ ऑगस्ट २०२३ रोजी सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच मंचावर होते. राष्ट्रवादीतल्या फुटीला जेमतेम दीड महिना झाला होता, त्यामुळे वृत्तवाहिन्यांना पुतळ्यापेक्षा मंचावरच्या खुर्च्यांचेच अधिक कौतुक.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उमेदवारी दिली. महाविकास आघाडीत असूनही ठाकरे गटाने इथे दीपक साळुंखे यांना उतरवल्याने लढत तिरंगी झाली. बाबासाहेबांनी एक लाख सोळा हजारांहून अधिक मते मिळवून शहाजीबापूंचा पंचवीस हजारांहून जास्त मतांनी पराभव केला. अलिबाग, पेण, लोहा सगळीकडे शेकाप हरला, आणि त्या विधानसभेत पक्षाचा एकमेव आमदार सांगोल्याचा आहे.