इट्स अलाइव्ह

इट्स अलाइव्ह : रमोन्स या अमेरिकन पंक (१९७० च्या दशकातला साधा, वेगवान, आक्रमक रॉक) बँडचा मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. मुद्रण लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री झाले आणि दोन तबकड्यांचा संच एप्रिल १९७९ मध्ये युरोपात निघाला. बँडच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, तो १९९५ मध्ये आला. गाणी २८, एकूण वेळ सुमारे ५४ मिनिटे. पंकच्या मैफल-मुद्रणांत याला फार वरचे स्थान दिले जाते आणि ते रास्त आहे.

रमोन्स १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जमले. गायक जोई, गिटारवादक जॉनी, बेसवादक डी डी आणि ड्रमर टॉमी या चौघांनी रमोन हेच आडनाव लावले. नात्याने कोणी कोणाचे भाऊ नव्हते. मायदेशी त्यांच्या तबकड्या बेताच्याच खपत. लंडनने मात्र त्यांना डोक्यावर घेतले. ४ जुलै १९७६ च्या राउंडहाउस या सभागृहातील कार्यक्रमानंतर तिथल्या तरुण पंक मंडळींना आपला रस्ता दिसला. त्यामुळे पुढच्या वर्षअखेरीस ते लंडनला आले तेव्हा श्रोत्यांना गाणी तोंडपाठ होती. त्या दौऱ्यातील चार कार्यक्रम मुद्रित झाले. त्यांतला शेवटचा निवडला गेला. त्या रात्री श्रोत्यांनी खुर्च्यांच्या रांगा उखडून रंगमंचाकडे फेकल्या, हे निवडीचे कारण सांगितले जाते. निर्मिती टॉमी आणि एड स्टेझियम यांची.

इंदूरच्या मराठी घरांत हे संगीत वारशाने आलेले नाही. तिथला जुना कान इंदूर घराण्याचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या गाण्यावर घडलेला. त्यांच्या १९६० च्या प्रसिद्ध तबकडीत एका बाजूला मारवा हा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. रमोन्सच्या संचात एकेका बाजूला सात-सात गाणी. दोन टोकेच म्हणायची. तरीही अशा कानाला या अल्बममधली एक गोष्ट चटकन कळावी. जॉनी गिटारच्या तारांवर जवळजवळ सतत खालच्याच दिशेने आघात करतो, टॉमीचा ठेका क्षणभर उसंत देत नाही, पण जोईचा गळा घाईत नाही. तो स्वर लांबवतो, शब्दाचे टोक ओढून पुढच्या मात्रेवर सोडतो आणि त्या धुमश्चक्रीवर सावकाश तरंगत राहतो. अमीर खाँच्या ख्यालात १४ मात्रांचा झुमरा ताल स्वतःच संथ असतो आणि गळा त्याच्याहून निवांत. इथे लय धावते, गळा मात्र तसाच निवांत. अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो तो माझ्या मते या ताणामुळे. नुसता वेग दोन-तीनदा ऐकला की संपतो.

दुसरे बळ क्रमात आहे. यातली गाणी १९७६–७७ मधल्या पहिल्या तीन अल्बमांतली आहेत. स्टुडिओत ती सुटी सुटी आणि काहीशी आवरलेली वाटतात. रेनबोमध्ये एक गाणे संपते न संपते तोच डी डी ‘वन, टू, थ्री, फोर’ ओरडतो आणि पुढचे सुरू. गप्पा नाहीत, वाद्य लावण्यासाठी थांबणे नाही, लांबलचक गिटारवादन नाही. जोई दोन वाक्ये बोलतो तीही पुढच्या गाण्याचे नाव सांगण्यापुरती. दीड-दोन मिनिटांचे एकेक गाणे स्वतंत्रपणे किरकोळ वाटू शकते. २८ गाणी सलग ऐकली की एकच दीर्घ रचना उभी राहते. या बँडची गाणी अशा सलगतेसाठीच बांधलेली होती, म्हणून त्यांचे खरे रूप स्टुडिओपेक्षा इथे भेटते. मैफलींच्या स्पूल आणि कॅसेट जपणाऱ्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको. तबकडीसाठी आटोपशीर केलेला राग आणि रात्री रंगलेल्या बैठकीतला तोच राग यांत किती अंतर पडते, हे अमीर खाँच्या हातोहात फिरलेल्या मुद्रणांनी दाखवलेच आहे.

यातली चार गाणी रमोन्सची नाहीत. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतची नाचाची आणि समुद्रकिनाऱ्याची लोकप्रिय गाणी आहेत. त्यांच्या स्वतःच्या गाण्यांशेजारी ती इतकी सहज बसतात की नवखा श्रोता फरक करू शकत नाही. परंपरा मोडणारे म्हणून गाजलेले हे लोक मुळात जुन्या चालींचे प्रेमी होते, आणि ते या मुद्रणात जितके स्पष्ट होते तितके त्यांच्याविषयीच्या लेखनात क्वचितच होते.

टॉमी १९७८ मध्ये ड्रम सोडून निर्मितीकडे वळला, त्यामुळे मूळ चौघांच्या जोमाचे हे प्रमुख मैफल-मुद्रण ठरले. बार्सिलोनात मुद्रित झालेला ‘लोको लाइव्ह’ (१९९१) याहून वेगवान आहे, पण तिथे वेग शब्दांना गिळतो आणि जोईला स्वर ओढायला जागा उरत नाही. बँडचा अखेरचा कार्यक्रम ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये आणि टॉमी २०१४ मध्ये निवर्तला.

चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०१९ मध्ये निघालेल्या विशेष संचात रेनबोबरोबरच बर्मिंगहॅम, स्टोक-ऑन-ट्रेंट आणि एल्सबरी इथले कार्यक्रमही आहेत. लागोपाठच्या चार रात्री, गाणी आणि क्रम जवळजवळ तेच. एकच चीज (बंदिश) निरनिराळ्या बैठकींतून ताडून पाहण्याची सवय असलेल्या श्रोत्याने हा संच जरूर ऐकावा. निवड रेनबोचीच का झाली, ते पहिल्या दहा मिनिटांतल्या श्रोत्यांच्या आवाजावरूनच कळते.