कुत्र्याला नेमकं झालंय तरी काय? निदानात तुमचा वाटा

कान दुखतोय, पंजात काटा रुतलाय, पिसवा झाल्यात, अशा तक्रारींचा उलगडा बहुतेकदा पहिल्याच तपासणीत होतो. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी नाही. अधूनमधून उलट्या होऊन आपोआप थांबणं, मध्येच दोन दिवस सुस्त पडून राहणं, वजन हळूहळू उतरणं, चालता चालता कोलमडून लगेच उठून शेपूट हलवणं, असे कोड्यात टाकणारे त्रास असलेल्या कुत्र्यांच्या पालकांसाठी ते आहे.

दवाखान्यात कुत्रा आमच्यासमोर थोडाच वेळ असतो आणि त्यातही बहुधा घाबरलेला असतो. घरी लंगडणारा इथे सरळ चालतो. लागलेली धाप आजाराची की भीतीची, ते पटकन सांगता येत नाही. बाकीचा सगळा दिवस तो तुमच्या नजरेसमोर असतो, म्हणून निम्मं निदान तुमच्या सांगण्यात दडलेलं असतं.

रोगाचं नाव नको, दिसलं ते सांगा

'त्याला ॲसिडिटी झालीय' यातून आम्हाला फारसं काही कळत नाही. उबळ येऊन, पोट आवळून अन्न बाहेर पडलं, की मान खाली करताच न पचलेलं अन्न नुसतंच घरंगळलं? पहिली खरी उलटी. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा अन्ननलिकेत असतो आणि तपासण्यांची दिशाच बदलते. जुलाबांचंही तसंच. थोडी थोडी, वारंवार, शेंबडासारखी आणि ताज्या रक्ताची शी मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते. शी भरपूर होत असेल आणि वजनही घटत असेल, तर आम्ही लहान आतड्याचा विचार आधी करतो.

काही गोष्टी शब्दांत सांगणं अवघडच असतं. अशा वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. कोलमडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर तो सोन्याच्या मोलाचा. फिट आली असेल तर नंतर बराच वेळ कुत्रा भांबावलेला राहतो. हृदयाच्या दोषामुळे शुद्ध हरपली असेल तर तो सहसा लगेच भानावर येतो. नाकातून जोरात हवा आत ओढत घोरल्यासारखा आवाज करणाऱ्या कुत्र्यामुळे घरचे हबकतात, पण व्हिडिओ पाहिल्यावर ती बहुधा निरुपद्रवी 'उलटी शिंक' (रिव्हर्स स्नीझ) निघते.

दोन आकडे घरीच मोजा

कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. आकडा सतत 30 च्या वर राहत असेल तर कळवा. दुसरा आकडा पाण्याचा. सकाळी मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजून वजा करा. दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलिलीटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्यानं एक लीटरहून अधिक प्यायलं, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि संप्रेरकांचे (हॉर्मोन्सचे) विकार तपासावे लागतात. पाणी कमी करून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नका.

तारखा आणि जुन्या गोष्टी

ॲडिसन या आजारात मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी पुरेशी संप्रेरकं बनवत नाहीत. त्याचं सोंग इतर अनेक आजारांसारखं असतं: उलट्या, अशक्तपणा, भूक मंदावणं, मग काही दिवस अगदी ठणठणीत. सलाइन लावलं की कुत्रा सुधारतो आणि पुन्हा घसरतो. घरी पाहुणे आले किंवा प्रवास झाला की त्रास बळावतो. हा क्रम एका भेटीत दिसत नाही, तुम्ही तारखांसह लिहून ठेवलेल्या नोंदवहीत दिसतो. शंका आली की आम्ही रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसोल (याच ग्रंथींचं एक संप्रेरक) पाहतो. इथे एक अडचण येते. आधी स्टेरॉइड दिलेलं असेल तर कॉर्टिसोलचा निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून इंजेक्शनच नव्हे, कानातले थेंब आणि त्वचेचं मलमही सांगा.

गोचिडांचंही सांगा, मग ते काही महिन्यांपूर्वी निघून गेलेले का असेनात. एर्लिकिया हा गोचिडांतून पसरणारा जंतू शरीरात महिनोन्‌महिने दबा धरून राहू शकतो आणि नंतर नाकातून रक्त येणं, रक्तातल्या प्लेटलेट घटणं अशा रूपांत डोकं वर काढतो.

सगळ्या तपासण्या एकदम का नाही?

कारण पुढची तपासणी आधीच्या निकालावरून ठरते. रक्त, लघवी आणि शी यांपासून सुरुवात होते. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे पैसे वाया गेले असं नाही. काही शक्यता बाद झाल्या. जिआर्डियासारखे परजीवी रोजच्या शीत सापडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतो. कधी उपचार हीच तपासणी असते. अन्नाच्या ॲलर्जीमुळे खाज येते का, हे पाहायला साधारण 8 आठवडे ठरवून दिलेलाच आहार द्यावा लागतो. कुणी प्रेमानं भरवलेलं एक बिस्किट, किंवा चव लावलेली औषधाची गोळीसुद्धा, तो सगळा खटाटोप निकामी करते. घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना हे आधीच पटवून द्या. सगळ्यात अवघड काम तेच.

येताना जुने रिपोर्ट आणि औषधांची पाकिटं घेऊन या. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या डबीत घ्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. उपाशी आणायचं का, हे फोनवर विचारा. मधुमेही कुत्र्याला आणि लहान पिल्लाला परस्पर उपाशी ठेवू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना घातक ठरू शकतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर संकोच न करता सांगा, सगळे कागद आम्ही देऊ.

पोट फुगलंय आणि उबळा येऊनही काही पडत नाही, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, फिट 5 मिनिटांहून जास्त चालली, लघवीला कुंथूनही थेंब येत नाही: यांपैकी काहीही दिसलं तर नोंदवही बाजूला ठेवा आणि लगेच निघा. एरवी वेळ ठरवताना 'जुना, उलगडा न झालेला त्रास आहे' एवढं सांगा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ राखून ठेवता येतो.